पहिलं ताट टेलला

आमच्या थोरल्या साडूंच्या हातची पालेभाजी खाऊन 'आता पुरे' म्हणालेला माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात सापडायचा नाही. एक तर भाजी तेवढी चांगली असते, आणि दुसरं म्हणजे वाढताना हा गृहस्थ स्वतःच इतकं बोलत असतो, की समोरच्याला 'पुरे' म्हणायला फटच मिळत नाही. मी बत्तीस वर्षं त्यांच्या पंगतीला बसतोय. माझं 'पुरे' अजून घशातच आहे. आणि गंमत म्हणजे मला मुळात पालेभाजी आवडत नाही. मी बटाट्याचा माणूस. पण हे त्यांना सांगायची माझी छाती झालेली नाही, आणि आता या वयात ती होईल असं वाटत नाही.

माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, तिचे हे यजमान. जन्मभर पाटकरी होते. म्हणजे कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला कुठल्या दिवशी किती वेळ सोडायचं, हे बघणारा सरकारी माणूस. बारामतीच्या खालच्या अंगापासून इंदापूरपर्यंतचा कालवा त्यांनी तीसेक वर्षं सायकलीनं तुडवला. निवृत्त झाल्यावर लोक देवाधर्माला लागतात, यांनी कढई घेतली. तशी ती नोकरीतही होतीच, पण रविवारपुरती. पुढं सगळेच वार रविवार झाले.

आमची पहिली भेट मी मुलगी बघायला गेलो तेव्हाची. मी सुप्याकडचा. आमच्याकडं कालवा नाही, आभाळाकडं बघून पेरायचं आणि बाजरी-मटकीवर दिवस काढायचे. मुलीकडच्या मंडळींनी रीतीप्रमाणं शिक्षण विचारलं, शाळेतली नोकरी पक्की आहे का विचारलं. कोपऱ्यात बसलेल्या यांनी एकच प्रश्न टाकला, "पाव्हणं, तुमी कालव्याच्या लाभक्षेत्रात येता का?"

मी म्हणालो, "नाही."

"मग पालेभाजी कुठली खाता?"

मी म्हणालो, पावसाळ्यात उगवेल ती. त्यांनी माझ्याकडं अशा काही दयेनं बघितलं, की क्षणभर माझा मलाच कळवळा आला. मग सासऱ्यांकडं वळून निकाल दिला, "पोरगं चांगलं हाय. कोरडवाहू हाय, पर चांगलं हाय." त्या एका वाक्यावर माझं लग्न ठरलं, असं ते अजूनही चारचौघांत सांगतात.

त्यांच्या वाढण्याची तऱ्हा मला पहिल्या दिवाळसणाला कळली. नवा जावई म्हणून मला मानानं पंगतीच्या पहिल्या ताटावर बसवलं होतं. ताटाभोवती रांगोळी, बाजूला उदबत्ती. साडूभाऊ चाकवताच्या गरगट्याचं पातेलं घेऊन आले आणि माझ्यासमोरून सरळ पुढं निघून गेले. सासऱ्यांचं ताट गेलं, मेहुण्यांचं गेलं, चुलत्यांचं गेलं, आणि हे थांबले ते पार दाराशी. तिथं आम्हाला घेऊन आलेल्या जीपचा ड्रायव्हर अवघडून बसला होता. त्याच्या ताटात पहिला डाव पडला. तिथून ते एकेक ताट करत माझ्याकडं सरकू लागले. माझ्यापर्यंत पोचले तेव्हा पातेल्यात जे होतं ते खरवडून काढावं लागलं. सासूबाई कानकोंड्या होऊन म्हणाल्या, "अवो, जावयाला आधी वाढायचं न्हाय का?"

"जावई हेडला बसल्यात," हे शांतपणे म्हणाले. "हेडचा मानूस कधी उपाशी मरतो व्हय? टेलचं रान भिजलं, की समजायचं कालवा खरा भरला."

कालव्याच्या सुरुवातीला ते हेड आणि जिथं पाणी दमून दमून पोचतं ते टेल, हे मला पुढं समजलं. वरच्यांना पाणी दारातूनच जातं, खालच्यांनी वाट बघायची. म्हणून पाणी टेलकडून द्यायला सुरू करावं, असा नियम आहे. यांनी तो नोकरीत पाळला आणि त्यापायी वरच्या अंगाच्या बागायतदारांच्या शिव्या खाल्ल्या. नोकरी संपली तरी नियम सुटला नाही. लग्न असो, बारसं असो, दहावा असो, यांच्या हातात वाढप आलं की पहिलं ताट शेवटच्या माणसाचं. आमच्या नात्यागोत्यात आता सगळ्यांना हे ठाऊक झालंय, त्यामुळं पंगत बसताना शेवटच्या जागेसाठी चांगलीच रेटारेटी होते. मी मात्र धाकटा साडू म्हणून मानानं पहिल्या ताटावर बसतो आणि वाट बघत राहतो.

भाजी त्यांनी कधी बाजारातून आणली नाही. कालव्याच्या कडेला, त्यातून शेतांकडं फुटणाऱ्या चाऱ्यांच्या बांधाला, जिथं ओल पाझरते तिथं काय काय उगवतं याचा अख्खा नकाशा त्यांच्या डोक्यात आहे. पावसाळा लागला की तांदुळजा आणि कुर्डू, मग अंबाडी, हादग्याची फुलं, थंडीत पाथरी, चाकवत, हरभऱ्याचा कोवळा पाला, उन्हाळ्यात शेवग्याचा फुलोरा आणि घोळ. ताटात वाढताना गावाचं नाव घेत नाहीत, चारीचा नंबर सांगतात. "ही घोळ बावीस नंबरची हाय, जरा आंबूस लागंल. अठराची गोडसर असती, पर औंदा अठराला ओल कमी." एकदा आम्ही उशिरा निघालो म्हणून वाटेत बारामतीच्या मंडईतून चाकवताच्या दोन जुड्या घेतल्या आणि तुमच्याच चारीवर खुडल्या म्हणून थाप मारली. त्यांनी ती शिजवली, दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं. रात्रीत चोरून पाणी घेणाऱ्याकडं ते ज्या नजरेनं बघत असतील, तसं माझ्याकडं बघितलं. "पाव्हणं," ते म्हणाले, "मोघा फोडलात." मोघा म्हणजे कालव्यातून शेताकडं पाणी काढायचं तोंड. तो फोडणं हा त्यांच्या लेखी खुनाच्या खालोखालचा गुन्हा. त्या दिवशी निघताना मला कुणी 'या' म्हटलं नाही.

स्वयंपाकघराच्या दाराला कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेलं, कालव्याच्या पाण्याचं असतं तसं पाळीपत्रक टांगलेलं असतं. आवर्तन पहिलं, आवर्तन दुसरं, कुठल्या पंधरवड्यात काय शिजणार. त्याबाहेरचं काही हवं असेल तर मागणी अर्ज करायचा. मी एकदा थट्टेनं खरोखरच कागदावर अर्ज लिहिला, की बटाट्याची भाजी मिळावी. आठवड्यानं पोस्टकार्डावर उत्तर आलं: 'सदर पीक मंजूर पीकरचनेत बसत नसल्याने मागणी नामंजूर.' खाली सही, तारीख, आणि 'अक्काने तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी ठेवली आहे, घेऊन जाणे.'

मोठ्या पातेल्याला त्यांनी आतून खिळ्यानं आडव्या रेघा ओढून घेतल्यात, कालव्यावर पाणी मोजायला असतात तशा. पातळ आळणाला तिसऱ्या रेघेपर्यंत पाणी, घट्ट गरगट्याला दुसऱ्या. पण त्या रेघांच्या आत त्यांचं डोकं मोकाट सुटतं. कलिंगड खाल्लं की सालीचा पांढरा भाग किसून थालीपिठात. गुऱ्हाळ सुरू झालं की उसाच्या रसात भात. सायकलीच्या जुन्या मडगार्डची त्यांनी विळी केलीय, आणि छत्रीच्या काडीचं काय केलंय ते मला अजून कळलेलं नाही, पण ती रोज वापरात असते. "फेकलं ते परत उगवत न्हाय," असं म्हणत ते कोथिंबिरीच्या काड्यासुद्धा आमटीत सोडतात. कुठलीच गोष्ट त्यांच्या हातची दोनदा सारखी लागत नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पानी दोनदा सारखं येतंय व्हय?"

एवढा हा नळपाक. त्याला जगात एकच माणूस नावं ठेवायचं, ते म्हणजे आमची अक्का. पंगत बसली की ती आत गॅससमोर भाकरी थापत असायची. एकेकाच्या ताटात गरम भाकरी पडायची, पापुद्रा फुगलेली. सगळ्यांचं झालं, हात धुतले, सुपारी फिरली, की मग अक्का पातेल्याच्या बुडातली भाजी परत एकदा गरम करून घ्यायची आणि ओट्याला टेकून जेवायची. आणि बाहेर साडूभाऊ आमच्याकडून तारीफ गोळा करत असताना आतून हमखास आवाज यायचा, "आवं, खारट झालीया भाजी!"

झालं. हे ताडकन उठायचे. "पाव्हणं, खरं सांगा. खारट हुती?"

मी खरंच सांगायचो, की नव्हती. मीठ अगदी बेताचं होतं.

"ऐक! शिकलेला मानूस काय म्हनतोय!"

"मग मी काय खोटं बोलती व्हय?"

हे दर वेळेला व्हायचं. दर वेळेला म्हणजे दर वेळेला. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं, की अक्काची जीभच जरा तिरकी. नवऱ्याचं कौतुक तिला सोसत नाही. तिची सख्खी बहीण, म्हणजे माझी बायकोसुद्धा हसून म्हणायची, "अक्का, दाजींना कधी चांगलं म्हणू नकोस हं, त्यांना सवय नाही." मीही हसायचो. आज ते हसू आठवलं की मला माझाच राग येतो.

दोन वर्षांमागं अक्का आजारी पडली. आजाराचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही, मीही घेत नाही. पुण्याला उपचार झाले, इंजेक्शनं झाली, केस गेले, आणि केसांबरोबर तिच्या तोंडाची चव गेली. काहीही खाल्लं तरी लोखंड चाटल्यासारखं लागायचं. डॉक्टर म्हणाले, येईल चव परत, पण कधी येईल सांगता येत नाही, आणि खाल्लं तर पाहिजेच. वजन उतरत होतं. पुढची इंजेक्शनं अंगी लागायची तर पोटात अन्न जायला हवं होतं. म्हणजे सगळं येऊन कढईपाशीच थांबलं.

एके दिवशी मला शाळेत साडूभाऊंचा फोन आला. आवाज असा, की मी वर्गातून धावतच बाहेर आलो.

"पाव्हणं," ते म्हणाले, "आज तिनं भाजी चांगली झाली म्हटली."

मी म्हणालो, "मग बरंच झालं की!"

"बरं कसलं?" ते म्हणाले. "चाळीस वर्सांत म्हटली न्हवती. तिला कायबी लागंना. माझं मन मोडू नये म्हनून म्हनती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम भाजीत मिठाचा कणही घातला नाही आणि तिच्यापुढं ठेवली. अक्का चार घास खाऊन म्हणाली, "छान झालीया." हे तसेच बाहेर पडले आणि कालव्याच्या भरावावर जाऊन बसले. हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं, सांगताना चष्मा चारदा पुसला. तेव्हापासून अक्काच्या तोंडून 'चांगलं' आलं की ते उठून अंगणात जायचे.

मग त्यांनी आंबटाचा पिच्छा पुरवला. कुणीतरी सांगितलं होतं की आंबट चव आधी परत येते. चिंचेचा कोवळा पाला, चुका, कैरी, घोळ. जे ज्या पंधरवड्यात उगवेल ते शोधायला सत्तरीतला हा माणूस सायकल काढायचा. कडेची झाडोऱ्याची जागा आता पूर्वीसारखी राहिली नाही, म्हणून लांब लांब जायचा. पाणी मोजायची जुनी वही होती, तिच्यात नोंदी करायचा. ती वही मी बघितलीय. 'चुका, ताकातला. चांगलं म्हणाली.' 'कैरीचं सार. फार चांगलं म्हणाली.' 'चिंचपाला, डाळ घालून. एक नंबर म्हणाली.' अशी पानंच्या पानं. इतकी तारीफ एका वहीत मी दुसरीकडं कुठं वाचलेली नाही, आणि इतकं वाईटही मला कुठलं लिखाण वाचताना वाटलेलं नाही.

गेल्या भाद्रपदात एका रविवारी आम्ही दोघं त्यांच्याकडं गेलो. अंबाडीचं आवर्तन होतं. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली अंबाडी, वर लसणाची खरपूस फोडणी. अक्कानं हट्ट धरला, की भाकरी मीच थापणार. स्टुलावर बसून, मध्ये मध्ये थांबत, तिनं सहा भाकऱ्या केल्या. डोक्याला रुमाल, हाताच्या शिरा वर आलेल्या, पण भाकरी फुगली तशीच. मी पहिल्या ताटावर, बायको दुसऱ्या. साडूभाऊंनी नियमाप्रमाणं आधी माझ्या बायकोला वाढलं, मग मला. अक्काला म्हणाले, "तूबी बस." ती म्हणाली, "पाव्हणं जेवल्याबिगर मला घास उतरत न्हाय." भाजी सुरेख झाली होती. मीठ तर अगदी मोजून घातल्यासारखं. मी, बटाट्याचा माणूस, दोनदा घेतली.

मग अक्काला जरा पडावंसं वाटलं. यांनी भाजी एकदा गरम करून ठेवली, ती उठली नाही. परत एकदा गरम केली. साडेतीनला ती उठली, तेव्हा तिसऱ्यांदा गरम करून तिच्यापुढं ताटली ठेवली. आम्ही तिघंही उगाच इकडंतिकडं बघत होतो, पण लक्ष तिच्या तोंडाकडं होतं. पहिला घास तिनं घेतला. चावायची थांबली. कपाळाला आठी पडली.

"आवं," ती म्हणाली, "केवढी खारट केलीया ही!"

साडूभाऊंच्या हातातली पळी खाली पडली.

"काय म्हटलीस?"

"खारट म्हटलं. तोंडात घेववंना."

"परत म्हन!"

"खारट! खारट! किती डाव सांगू?"

हा सत्तरीतला माणूस अंगणात पळाला आणि कुंपणापलीकडं ओरडला, "अवो वैनी, हिला भाजी खारट लागली!" शेजारच्या वहिनी हातातलं सूप तसंच धरून म्हणाल्या, "मग त्यात नाचायचं काय झालं, भावजी?" माझ्या बायकोनं पदरात तोंड घातलं होतं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी कशाला लपवू?

आनंदाच्या भरात साडूभाऊ आत आले आणि अक्काच्या ताटलीतला एक घास त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला. आणि तिथंच थबकले. मग ताटली माझ्यापुढं केली. "बघा खाऊन."

मी खाल्लं. भाजी खरोखरच खारट होती. दुपारी मी जी दोनदा घेतली तीच भाजी, त्याच पातेल्यातली, आणि घशाखाली उतरेना अशी खारट.

त्यांनी पातेलं ओढून आत बघितलं. बुडाला बोटभर भाजी, पहिल्या रेघेच्याही खाली, तीनदा तापून घट्ट झालेली. जन्मभर पाणी मोजलेल्या माणसाला कुणी काही सांगायची गरज नव्हती. पाणी आटलं होतं आणि मीठ तेवढंच राहिलं होतं. ते तसेच पातेल्यात बघत खाली बसले.

"पाव्हणं," ते म्हणाले, "ही चाळीस वर्सं खरं बोलत हुती की वो."

त्यांनी पातेलं बाजूला सारलं.

"टेलच्या रानात खार साचतो, हे मी गावोगाव लोकास्नी सांगत फिरलो. आन् पंगतीचं टेल म्हनून दारात बसलेला मानूस धरून चाललो. टेल तर हितं आत बसलं हुतं, चुलीम्होरं. रोज."

अक्कानं ताटली आपल्याकडं ओढून घेतली. "आता ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मला खाऊ द्या की. लागतंय तवर." आणि ती खारट भाजी तिनं भाकरीबरोबर सावकाश, सगळी, पुसून खाल्ली.

त्यानंतर आम्ही दोनतीनदा जाऊन आलो. अक्काचे तपासण्यांचे कागद दर तीन महिन्यांनी येतात. कधी बरे असतात, कधी डॉक्टर नुसतं 'बघू' म्हणतात. पाळीपत्रकात आता सगळ्यात वर एक ओळ आलीय: 'पहिलं ताट: आतलं.' भाकरी साडूभाऊ थापतात. ती फुगत नाही आणि कडेला चिरते, पण खावीच लागते. अक्का पंगतीत आमच्या आधी जेवते. तिला अजून लाज वाटते. सगळे रिकाम्या ताटांसमोर बसलेले आणि आपण एकटीनं घास घ्यायचा, म्हणून ती पदर सारखा पुढं ओढते.

गेल्या खेपेला चाकवताचं गरगटं होतं. पातेलं भरलेलं, वरचा पहिला डाव तिच्या ताटात. तिनं घास घेतला, चावला, आणि साडूभाऊंकडं बघून म्हणाली, "अळणी हाय."

आम्ही नंतर खाल्लं, मीठ बेताचं होतं. आता तिला अजून नीट लागत नाहीय, का चाळीस वर्षं बुडाचंच खाऊन तिच्या जिभेला तेवढ्याच मिठाची सवय झालीय, हे कुणालाच सांगता येत नाही. डॉक्टरांनाही नाही आणि साडूभाऊंनाही नाही. त्या दिवशी त्यांनी वाद घातला नाही. मला साक्षीला बोलावलं नाही. उठले, मिठाची वाटी आणून तिच्या ताटाशेजारी ठेवली आणि डाव हातात धरून उभे राहिले. तिनं चिमूटभर मीठ घेतलं, कालवलं, घास घेतला आणि मान हलवली. मग त्यांनी पुढच्या ताटाकडं डाव नेला.